मॅकसाहेबांचे आजोबा आणि मी

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पात फुटबॉल कमी आणि फुटबॉलचे किस्से जास्त व्हायचे. २००४-०५च्या त्या किश्श्यांतले बरेचसे माझ्याच नावावर जमा आहेत, कारण गोल झाला की सगळे आधी माझ्याकडे बघायचे!

आमचे सेफ्टी मॅनेजर मॅकसाहेब स्कॉटलंडचे. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या आधी तिकडे फुलबॅक, म्हणजे गोलपुढचे राखणदार होते. आठवडाभर कोळशाच्या खाणीत, शनिवारी मैदानावर. साहेबांनी टीम काढली, माझ्या देहाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "सेम बॉडी! यू आर फुलबॅक!"

मी गुहागरचा, कबड्डीत वाढलेला. पहिल्याच मॅचला समोरचा माणूस चेंडू घेऊन अंगावर आला. मी सूर मारला आणि त्याचा घोटा धरला! बाहेरून आमची कोकणातली मंडळी ओरडतायत, "धर रे, सोडू नको!" मी कसला सोडतोय? शेवटी रेफरीनेच माझी बोटं सोडवली.

*

आजोबांच्या काळी चामड्याचा चेंडू पावसात भिजला की दगड व्हायचा. तरी ते डोकं घालायचे. मी मात्र चेंडू आला की खाली वाकायचो.

"माझे आजोबा डोकं पुढे करायचे!" साहेब कडाडले.

"साहेब, रोज सकाळी तुम्हीच सांगता ना, सेफ्टी फर्स्ट!"

*

एकदा फोनवर बायकोने विचारलं, "खेळात तुमचं काम काय असतं?"

"गोल अडवायचं."

"आज किती झाले?"

"सहा."

"मग अडवायला कोण होतं?"

*

शेवटी साहेबांनी बजावलं, "या शुक्रवारी तुझ्या बाजूने गोल झाला, तर खलास! पुढच्या वेळेपासून पाणी वाटायचं." हरायचो, शिव्या खायचो, पण त्या दोन तासांत घरची आठवण येत नसे. मला टीममध्ये राहायचंच होतं.

समोर दुसऱ्या कॅम्पची टीम. त्यांचा हुकमी खेळाडू खान, आमच्याच साइटवरचा क्रेन ऑपरेटर. मी रिगर. म्हणजे क्रेनला माल बांधायचा आणि खाली उभं राहून हातांनी खुणा करायच्या. केबिनमधून खानला माल दिसत नाही, त्याला फक्त माझे हात दिसतात; त्यांच्याच इशाऱ्यावर तो माल उचलतो, थांबवतो. वर्षानुवर्षं आमचं हेच चाललेलं.

शेवटची मिनिटं, बरोबरी. आमचा गोलकीपर पुढे येऊन घसरून पडलेला. खान चेंडू घेऊन सुसाट येतोय आणि मध्ये मी एकटा. पाय तर केव्हाच संपले होते. काही सुचेना, म्हणून मी दोन्ही हात आडवे पसरले आणि जोरजोरात हलवले.

खान जागच्या जागी थांबला!

चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो लाथेने मैदानाबाहेर उडवला. खान अजून तिथेच उभा, चेहरा पांढराफटक.

"क्या हुआ?" त्याने घाबरून विचारलं. "नीचे कोई आदमी है क्या?"