आरक्षित वाहनतळात शिरलेली दौड

नऊ फेब्रुवारी, रविवार. घरातून निघताना शिट्टीकाकांनी बायकोला एकशे साठ रुपये उसने दिले. विद्यापीठाच्या आरोग्य दौडीची ती फी होती आणि बायकोची पर्स ऐन वेळी सापडत नव्हती. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

काका विद्यापीठाच्या वाहनतळावर कामाला. गाड्या आत घ्यायच्या, बाहेर काढायच्या, यातच त्यांची उमर गेली. हाताला इतकं वळण पडलेलं, की घरी आलेले पाहुणे उठले तरी दारात उभं राहून ते त्यांना "येऊ द्या, येऊ द्या" करत वाट दाखवायचे. सून म्हणायची, "बाबा, ते पायी आलेत."

बायको मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मुख्य स्वयंपाकीण. सगळ्या तिला मावशी म्हणत. वर्षभर तिचा गुडघा कुरकुरत होता आणि मेसच्या मॅनेजरांनी टोकनच्या खिडकीत तिच्यासाठी उशीची खुर्ची आणून ठेवली होती. ती खुर्ची दिसली, की मावशींचं डोकं फिरायचं.

"मी टोकनं फाडत बसले, तर भाजीत मीठ कोण बघणार? तुम्ही?"

वाद घालून घालून मॅनेजर थकले. "दौडीचे तीन किलोमीटर पुरे करा. चालत केलेत तरी चालेल. केलेत तर शेगडी तुमची, नाही तर खुर्ची."

म्हणून मावशी मुलाचे बूट घालून, नाड्या घट्ट आवळून दौडीला उभ्या राहिल्या. काकांना स्वयंसेवकाची नारिंगी टोपी मिळाली आणि शेवटचं वळण मिळालं. तिथे रस्ता फुटतो. डावीकडे ग्रंथालयाला वळसा घालून मैदान, तिथेच दौड संपणार. उजवीकडे प्रशासकीय इमारतीमागचा आरक्षित वाहनतळ. तीन बाजूंना भिंत आणि आत शिरायला एकच चिंचोळं तोंड.

"डावीकडे पाठवायचं," क्रीडाशिक्षकांनी बजावलं. "एवढंच काम आहे."

"सर, मी रोज शेकडो गाड्या वळवतो," काका म्हणाले. "ही तर माणसं."

दौडीत सगळ्यांत पुढे कुलसचिव होते. वेगामुळे नव्हे. शेवटी त्यांचा फीत तोडतानाचा फोटो निघायचा होता, म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना ओलांडायची सगळ्यांना मनाई केली होती. त्यामुळे धावपटू पोरं, प्राध्यापक, कारकून, सगळी दौड कुलसचिवांच्या पोटामागून बेताबेताने येत होती.

काकांनी साहेबांना पाहिलं मात्र, शिट्टी आपोआप तोंडात गेली आणि उजवा हात उजवीकडे सरळ झाला. साहेबांना ते वर्षानुवर्षं तिकडेच वळवत आले होते. आणि साहेबही वर्षानुवर्षं तिकडेच वळत आले होते. ते वळले. त्यांच्यामागे अख्खी दौड वळली.

आत भिंत लागली. पुढचे थांबले, मागचे येतच राहिले. वाहनतळ भरला.

"अहो, कुठे आणलंत?" आतून कोणीतरी ओरडलं.

काकांना चूक कळली. पण भरलेला वाहनतळ रिकामा कसा करायचा, हे त्यांना एकाच पद्धतीने येत होतं. तोंडाशी उभे राहून ते हात हलवू लागले. "मागे घ्या, मागे घ्या... सर, थोडं डावीकडे कापा... अजून येऊ द्या... बास!" प्राध्यापक उलटे चालत एकेक बाहेर येऊ लागले.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागे पडलेल्या मावशी लंगडत वळणाशी पोहोचल्या. कपाळावर घाम, बुटाची नाडी सुटलेली.

"अहो, इथे कसली जत्रा? मी कुठून जाऊ?"

काकांनी वळूनही न पाहता हात केला. "तुझं काय आत आरक्षण आहे? डावीकडून!"

"घरी या, मग सांगते आरक्षण," असं म्हणून मावशी डावीकडे गेल्या.

मैदानावर फोटोग्राफर कॅमेरा रोखून उभा होता. कुलसचिवांऐवजी मावशी आल्या. "मावशी, बाजूला व्हा, फोटो आहे!" क्रीडाशिक्षक ओरडले. मावशी फितीसकट पुढे गेल्या आणि मग बाजूला झाल्या.

पाण्याच्या टेबलामागून मॅनेजर आले. "मावशी, सगळ्यांच्या आधी? या गुडघ्यावर? मधून कुठून तरी आलात तुम्ही. हे धरणार नाही मी."

मावशींचा चेहरा उतरला. "सगळा वळसा घालून आलेय. त्या शिट्टीवाल्याला विचारा."

तोवर दौड मैदानावर पोहोचली होती आणि काकाही धापा टाकत मागून आले होते. वाटेत चौघांना त्यांनी सांगून झालं होतं, की रस्त्यावरचा खडूचा बाण कोणीतरी पुसला. आता तेच सांगावं, तर बायको लबाड ठरत होती. बायको खरी ठरवावी, तर साहेब समोरच रुमालाने मान पुसत होते.

काकांनी टोपी काढली. "ती बरोबर रस्त्याने आली. बाकी सगळ्यांना मी चुकवलं. बाण-बिण काही नाही. साहेब दिसले आणि हात उजवीकडे गेला."

क्रीडाशिक्षकांनी डोळे मिटून घेतले.

कुलसचिव म्हणाले, "हात तुमचा गेला, पण पाय माझे होते ना? आत भिंतीपाशी पोहोचलो आणि किल्ली काढायला खिशात हात घातला, तेव्हा कळलं, की आज गाडीच नाही."

आधी मावशी हसल्या, मग सगळेच. मॅनेजरांनी हात जोडले. "शेगडी तुमची, मावशी." खुर्ची सोमवारी वाहनतळावर पोहोचती झाली, उशीसकट. काका तिच्यावर अजून बसलेले नाहीत. टोपी ठेवतात.

महिनाअखेरीस मावशींनी उसन्यापैकी एकशे वीस रुपये परत केले. बाकीचे चाळीस सगळ्यांसमोर 'तुझं काय आत आरक्षण आहे' म्हटल्याचा दंड म्हणून कापल्याचं त्या सांगतात. काकांना हा दंड मान्य नाही. चाळीस रुपये येणे बाकी आहे.