मामंजींनी पारखलेला घोडा

आमचे मामंजी आयुष्यभर लिफ्ट तपासायचे. दोर, ब्रेक, दारं सगळं पाहून झालं की स्वतः आत शिरून दोन उड्या मारायचे आणि मगच सही करायचे. निवृत्त झाले, पण उड्या काही सुटल्या नाहीत. घरात नवी खुर्ची आली की तिच्यावर आधी मामंजी आदळणार. लग्नाआधी ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा सोफ्याची एक स्प्रिंग धारातीर्थी पडली होती. माझ्या वडिलांना वाटलं, मुलाकडचे रागावलेत.

याच खोडीपायी नातीशी त्यांचं बिनसलं. छकुलीच्या लाडक्या बाहुलीचा हात पक्का आहे का, हे बघायला त्यांनी तो जरासा ओढला. हात निघून आला. छकुलीने घर डोक्यावर घेतलं आणि त्या दिवसापासून मामंजी खोलीत आले की ही माझ्या मागे. चॉकलेट दाखवा, खिडकीतला कावळा दाखवा, बाई ढिम्म हलायची नाही. "मुलं अशीच असतात," असं मामंजी चारचौघांत म्हणायचे, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला दिसायचा. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, थोडं हसूही यायचं.

तिचा तिसरा वाढदिवस जवळ आल्यावर त्यांनी जाहीर केलं, लाकडी झुलता घोडा आणायचा. "असा आणतो, की तुटायचं नाव घेणार नाही!" सासूबाई आणि मी सोबत गेलो, म्हणजे लक्ष ठेवायला.

बटण दाबलं की गाणाऱ्या प्लॅस्टिकच्या घोड्यांकडे मामंजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. लाकडी घोड्याचे मात्र कान ओढले, शेपूट ओढली, पोटावर टिचक्या मारल्या. लहान मुलाचं बोट चेंगरतं का, हे बघायला खालच्या बाकदार पट्टीखाली स्वतःचं बोट घातलं. चेंगरलं. तो घोडा नापास झाला.

दुसऱ्याला बोट आत जाणार नाही अशी आडवी फळी होती. मामंजींनी टांग मारली.

"अहो आजोबा, तो लहान मुलांसाठी आहे," दुकानातली बाई म्हणाली.

"म्हणूनच तर बसतोय."

गुडघे कानाला लागले, पण घोडा कुरकुरला नाही. सासूबाई तोवर पलीकडच्या फळीवरचे ठोकळे निरखायला लागल्या होत्या.

"हे तुमच्याबरोबर आहेत का?" बाईने त्यांना विचारलं.

"छे हो!" सासूबाई म्हणाल्या.

वाढदिवसाला घोडा खोलीत मधोमध ठेवला. छकुली धावत निघाली, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आजोबांनी आणलाय हं!" झालं. ही जागच्या जागी थांबली.

"तुटेल."

"नाही गं तुटणार, मी बघितलंय ना," मामंजी म्हणाले. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मग तू बस."

समोर माझे आईवडील, शेजारी, मामंजींचे जुने साहेब. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नव्या कोऱ्या सदऱ्यातले मामंजी मुकाट्याने घोड्यावर बसले आणि झुलले. छकुलीने घोड्याभोवती एक फेरी मारली. मग त्यांच्या पुढ्यात चढून त्यांच्या पोटाला खुशाल टेकून बसली.

घोडा थांबला. आपण हललो तर ही उतरून जाईल, या भीतीने मामंजी श्वास रोखून बसले होते.

"आजोबा, हलव ना!" छकुली ओरडली. आजवर ती त्यांना नुसतं 'तो' म्हणायची.

मामंजींनी घोडा हलवला. दोन्ही हातांनी तिला धरलं होतं, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. ते तसेच झुलत राहिले.