आर्मेनियाचा लाल

आर्मेनिया मी प्रथम पाहिला तो सुरतेत, बमरोलीच्या बसमध्ये, उभ्याने. सोव्हिएत संघ मोडून तो देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आमच्या ओळखीत कोणालाही तो नकाशावर दाखवता आला नसता. माझ्या हातात मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणलेले, एका कादंबरीकार बाईंचे प्रवासवर्णन होते. एखादे उजाड गाव दिसले की बाईंच्या वाक्यात लगेच शतकांपूर्वीचा काफिला शिरे; उंट, रेशीम, जकातीची भांडणे. त्यांतला एक काफिला चक्क आमच्या सुरतेत पोहोचला. कतारगाम दरवाजाजवळ आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत हे मी त्या पानावर वाचले. त्या कबरींच्या भिंतीवरून मी शाळेत असताना कितीदा तरी गेले होते! माझा थांबा चुकला.

पण मला खरे पकडले ते लाल रंगाच्या प्रकरणाने. आर्मेनियातल्या जुन्या हस्तलिखितांतला लाल एका किड्यापासून काढत. हा किडा गवताच्या मुळांवर जगतो आणि शरदातल्या पहाटेच तेवढा वर येतो. तो लाल आपल्याला शब्दांत आणता आला नाही, अशी कबुली देऊन बाईंनी प्रकरण संपवले होते. मला ते मान्य नव्हते. मी रसायनशास्त्राची पदवीधर, डाइंग मिलच्या प्रयोगशाळेत दिवसभर रंग जुळवणारी. शब्दांत येत नसेल तर कापडावर आणावा. त्यात वाचनालयाच्या फळ्यावर सूचना लागली: येत्या रविवारी दुपारी बाईंचे व्याख्यान. तो लाल रविवारी बाईंच्या हातात ठेवायचा, असे मी ठरवून टाकले.

आर्मेनियाचा किडा मिळणे अशक्य; पण त्याची भावकी आपल्याकडे आहे. लाखही किड्याचीच, आणि तिच्यातला रंग त्याच घराण्यातला. भागळच्या जडीबुटीच्या दुकानातून कच्ची लाख आणली, कुटून भिजवली, गाळली. रंग धरावा म्हणून लोकरीच्या लडीला तुरटीचा हात दिला आणि भेस्तानच्या आमच्या खोलीत स्टीलच्या पातेल्यात रंग चढवला. लोकर बाहेर आली ती जांभळी.

आई भाकरी थापता थापता वाकून पाहू लागली. "लाल करस म्हने ना व? हाई ते वांगं शे वांगं!"

"मंग त्या बाईले भरीतच खावाड," वडील खाटेवरून म्हणाले.

मी लाख बदलली. तुरटी कमी केली, मग वाढवली. आच मंद ठेवली. प्रत्येक वेळी वांगेच. शनिवार उजाडला तरी तेच. हताश होऊन बादली विसळायला घेतली आणि तिच्या काठाला गंजाचे तांबूस वर्तुळ दिसले. बोअरचे पाणी! त्यात लोह होते, आणि लोहाने हा रंग जांभळा होतो हे तर मी परीक्षेत लिहिले होते. पण मिलमध्ये नळ सोडला की शुद्ध केलेले, मृदू पाणीच येते. पाणी हाही एक घटक असतो, हे आम्ही मिलवाले विसरूनच जातो.

मी धावत कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले आणि बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या मागितल्या. पिशवी भरू लागली तसा बाटल्या मोजता मोजता गॅरेजवाला चक्रावला.

"बेन, केटली बॅटरी छे तमारे?"

"एक पण नहीं. रंगवा माटे जोइए छे."

"बॅटरी रंगशो?"

संध्याकाळी लोकर लाल आली. खोल, भरीव लाल. मी ओरडलेच. आईने ती गालाला लावून पाहिली.

रविवारी सभागृह भरले होते. व्याख्यान संपताच गर्दीतून वाट काढत मी बाईंसमोर लोकर धरली आणि एका दमात सगळे सांगितले: किडा, लाख, पाणी. बाईंनी चष्मा वर सारला, लोकर घेतली आणि दारापाशी उन्हात गेल्या. मी मागोमाग. एवढ्या उजेडात माझा लाल मला अनोळखी वाटू लागला.

"नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "सुंदर आहे. पण तो हा नव्हे."

मग सवयीने, गिऱ्हाइकाने नमुना परत केल्यावर आम्ही जे विचारतो, तेच तोंडातून आले.

"बाई, याच्यात निळा जास्त आहे की पिवळा?"

त्या चमकल्या. त्यांना असे कोणी विचारले नसावे. त्यांनी डोळे मिटले.

"निळा. निळा जास्त आहे."

"थोडा की पुष्कळ?"

"थोडा. सूर्य मावळल्यावर असतो ना, तेवढा."

म्हणजे तुरटीऐवजी कथिलाचा क्षार! त्याने लालातला निळा उतरेल. बाईंना तो लाल शब्दांत आणता आला नव्हता. पण तो त्यांच्या डोळ्यांत शाबूत होता, आणि मला आता दिशा कळली होती.

"आणि गडद? याहून गडद होता?"

"मॅडम, चहा," मंडळाचे कार्यवाह आतून म्हणाले.

"थांबा हो," म्हणत बाई पायरीवर बसल्या आणि मला शेजारी ओढले. "विचार पुढे. दिसतोय मला तो."