बहिणीच्या कॉलनीचं पाणी

महामारीत शहर बंद झालं तेव्हा आई माझ्या धाकट्या बहिणीकडे होती, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. चार दिवसांसाठी गेली आणि अडकली, असं मला सांगण्यात आलं. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्याकडे ती कधी धड राहिलीच नव्हती. आली तरी पिशवीतली दुसरी साडी बाहेर निघायची नाही.

मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. सगळं बंद असतानाही आमची गाडी फिरायची. एकेका कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरचं झाकण उघडायचं, बाटली भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची. विषाणू शोधायचं काम दुसरीकडे चालायचं. आम्ही पाण्यातले चहाचे, साबणाचे, औषधांचे अंश मोजायचो. माणसं दारं लावून बसली होती, पण नालीला सगळं कळत होतं. सदर बाजारातली हॉटेलं बंद झाली तसा तिथल्या पाण्यातला चहा ओसरला आणि क्वार्टरांच्या पाण्यात वाढला.

बहिणीच्या कॉलनीच्या बाटलीला मी कुणाला हात लावू देत नसे. त्यात शेकडो घरांचं पाणी मिसळलेलं असतं, एक घर वेगळं काढता येत नाही, हे नव्या लोकांना मीच शिकवते. तरी चहाचा आकडा चढला की मला आई दिसायची, जावयाला दुसऱ्यांदा आल्याचा चहा करून देणारी. माझ्या नवऱ्याला तिने कधी साखर किती हेही विचारलेलं नाही. माझा सहकारी हसायचा, "दीदी, आपको तो पूरी कॉलोनी में एक ही घर दिखता है."

आईला आणायला मी रोज नवं निमित्त काढायची. माझी कंबर धरली. आमच्याकडून नर्मदेचा ग्वारीघाट जवळ. बहीण हसून टाळायची.

मग एका सकाळी त्या बाटलीत तापाच्या गोळीचा अंश एकदम वाढलेला दिसला. मी पुन्हा तपासलं, तेच. कॉलनीत कुणी आजारी असल्याची बातमी नव्हती. दारावर नोटीस लागेल या भीतीने लोक गोळी घेऊन गप्प बसत होते. मी तिथूनच बहिणीला फोन लावला.

"आईला तयार ठेव, गाडी घेऊन येते. तुमच्या कॉलनीत ताप पसरून राहिला."

"काहून? इथं तर सगळे ठीक आहेत," ती म्हणाली. "परवा कंबर, काल नर्मदा, आज नाली! ताई, सरळ म्हण ना, तुला पाहवत नाही."

पाहवत नव्हतंच. पण पाणी खरं बोलत होतं, आणि सांगणारी मी असल्यामुळे ते खोटं ठरलं. मी ओरडले, मग गयावया केली. तिने फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात बहिणीला ताप भरला. या वेळी फोन आईने उचलला.

"आता तरी निघ, आई. मी गेटवर येते."

"आता कशी येऊ वं? पोरगी तापाने फणफणली अन् मी तिला टाकून येऊ?"

"अन् तुला झालं तर?"

"होऊ दे. तिच्या उशाशी कोणी पाहिजे ना. तुझं काय, तू धडधाकट. तुला कुठं कोणी लागते?"

मी बरं म्हटलं. पुढे दोघीही त्यातून सुखरूप निघाल्या. पण त्या दुपारी बाटल्या धुताना मला बहिणीच्या तापाचा हेवा वाटत होता.