शुक्रवारचं महायुद्ध

इनासभाऊ, चष्मा लावा आणि जरा जवळ सरका. रविवारची ही पुरवणी तुम्ही शेवटच्या पानापासून वाचत येता हे मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहितेय. फोन तर तुम्ही घेत नाही. रागावणार आहे मी तुमच्यावर, पण हळू आवाजात, कारण चार लोक ऐकताहेत. दादाला जाऊन महिना उलटला. दहावं झालं, तेरावं झालं, टिटवाळ्याची भाची पाय सुजलेला असताना येऊन गेली, आणि तुम्हांला वर्तकनगरहून कोपरला यायला जमलं नाही? तुमच्या सूनबाईला विचारलं तर म्हणते, "माई, पप्पा बोलतात, वसंत माझ्यावर रागावून गेला, आता कुठल्या तोंडाने जाऊ?" ऐका आता. तोंड आहे ते आहे, तेच घेऊन यायचं. आधी मला या वाचणाऱ्यांना सांगू द्या तुम्ही कोण आणि दादा कोण, मग तुमच्याकडे वळते.

तर वसंत, म्हणजेच दादा, माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही, आणि मला वैधव्य लवकर आलं, म्हणून आम्ही दोघं भावंडं कोपरच्या या दोन खोल्यांत राहिलो. ठाण्याला एका कारखान्यात तो लेथवर होता आणि इनासभाऊ तिथेच मशिनांच्या दुरुस्तीवर. विजेच्या पाळ्यांमुळे कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची. रविवारी सगळं जग घरी असायचं तेव्हा हे दोघे कामावर, आणि शुक्रवारी जग कामावर गेलं की हे दोघे आमच्या पुढच्या खोलीत युद्ध करायला मोकळे. युद्ध म्हणजे खरंखुरं महायुद्ध, दुसरं. ते पंचेचाळीस साली संपलं हे दोघांनाही मान्य नव्हतं. "आणखी दोन वर्षं चाललं असतं तर आकाश कोणाचं झालं असतं?" एवढा एकच प्रश्न, आणि त्यावर त्यांनी आपलं तारुण्य, म्हातारपण सगळं घालवलं. दादाचं विमान स्पिटफायर, इंग्रजांचं. इनासभाऊंचं विमान जर्मनांचं, पुढे पंखा नसलेलं, जेटचं. जर्मनांनी त्याला त्यांच्याकडच्या पाकोळी पक्ष्याचं नाव दिलं होतं म्हणे, म्हणून आमच्या घरात ते 'पाकोळी'च झालं.

याचं मूळ मात्र जुनं आहे. आम्ही कल्याणचे. युद्धाच्या दिवसांत नेवाळीकडे शेतजमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली होती. ज्यांची शेतं गेली त्यांचं दुःख वेगळं, पण दादा तेव्हा लहान, त्याला त्यातलं काय कळणार... वडिलांनी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे नेलं आणि त्याने एक विमान उतरताना पाहिलं. मी पाळण्यात होते, त्यामुळे ऐकीव सांगतेय. युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा आळीतली सगळी माणसं सुटलो म्हणत होती आणि दादा ओट्यावर बसून भोकाड पसरून रडला, की आता विमानं जाणार. आईने पाठीत धपाटा घातला. "सगळ्यांचं भलं झालं आणि हे कार्टं रडतंय!" वडील त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. मला वाटतं, दादाला युद्ध लांबवायचं होतं ते त्या सायकलसाठी. पण हे त्याच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

"ते स्पिटफायरच होतं," तो म्हणायचा. "पंख असे, टोकाला निमुळते."

"वश्या, तुला काय दिसलं असेल? सामान वाहायचा डबा आलेला असेल!" इति इनासभाऊ.

"डब्याला असले पंख असतात?"

"तुझ्या डोळ्यांत धूळ गेलेली. धुळीला कसलेही पंख फुटतात."

लादीवर खडूने युरोप काढायचे. इंग्लंड दिवाणाच्या पायाशी, बर्लिन मोरीच्या उंबऱ्याजवळ. एका शुक्रवारी एक महिना पुढे सरकायचा, दोन वर्षं संपली की पुन्हा पहिल्यापासून. विमानं म्हणजे माझे कपड्यांचे चिमटे, लाकडी ते स्पिटफायर आणि निळे प्लास्टिकचे ती पाकोळी. इकडे ओली चादर हातात घेऊन मी उभी, आणि तिकडे चिमटे ढगांत! ओरडले तर दादा म्हणायचा, "माई, दहा मिनिटं वाळली नाही तर चादर मरत नाही." एक नियम दोघांनी पहिल्यापासून पाळला. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर सुचलं नाही तर पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मागायची, पण 'हरलो' म्हणायचं नाही. जेवणाची ताटं आली की तहकुबी, आणि मी फडक्याने अख्खा युरोप पुसून घ्यायची.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, बाकी सगळं दादा आणायचा त्या मासिकांवर. पण स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. पाकोळी वाऱ्यासारखी पळायची, हवेत तिला गाठणारं कोणी नव्हतं. पण तिच्या इंजिनाला चांगला धातू मिळत नव्हता, थोडं उडालं की इंजिन उतरवा. इनासभाऊ त्यावर अगदी जीव तोडून बोलायचे. "दोन वर्षं मिळाली असती ना, तर धातू पण मिळाला असता. मशीन वाईट नव्हतं रे, दिवस वाईट होते." आणि चिमटा पुढे सरकवताना स्वतःलाच बजावायचे, "हात हलका ठेव, हात हलका ठेव, नाहीतर इंजिन विझेल." तिचा वेग एकदम वाढवला तर इंजिन बंद पडायचं म्हणे. दादाचं म्हणणं असं की स्पिटफायर दर वर्षी नवं होत गेलं, इंजिन मोठं झालं, पंख्याला पाच पाती आली, आणि कोणत्याही मेकॅनिकला ते उघडता यायचं. "पण पोटात पेट्रोल किती?" इनासभाऊ विचारायचे. "बर्लिनला गेलं तर परत काय बैलगाडीतून आणणार?" मग दादा मुदत मागायचा. रिटायर झाले, वर्तकनगर आणि कोपर यांच्यातलं अंतर गुडघ्यांना जाणवायला लागलं, तरी शुक्रवार चुकला नाही.

आता तुमच्याकडे वळते, इनासभाऊ.

दिवाळीनंतर दादाच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ आपल्या तिघांनाही समजला होता. त्या शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा तो उशीला टेकून बसला होता, वाक्यावाक्याला थांबत होता. त्याने नेहमीचा मुद्दा काढला. "उतरताना... तुझी पाकोळी हळू होते, इनाश्या. तिथेच गाठतो. उत्तर दे." या मुद्द्याचं उत्तर तुम्हांला तोंडपाठ होतं, मी भांडी घासताना ऐकलंय ते कितीदा, की उतरताना तिच्यावर पहारा ठेवायला दुसरी विमानं वर फिरत ठेवायची. पण तुम्ही त्याच्याकडे बघितलंत... आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणालात, "नाही रे उत्तर. तू जिंकलास, वसंत. स्पिटफायर जिंकलं."

मी दारातच थांबले. तुम्हांला वाटलं, जाणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावं. पण दादाने हात काढून घेतला.

"काय म्हणालास? माझी तिरडी बांधायला आलायस काय? ऊठ. जिवंत माणसाशी भांडायची ताकद आली की मग ये."

चपला घालताना तुम्हांला पट्टा सापडत नव्हता, मी वाकून लावून दिला. तेवढंच तुम्ही बघितलंत, आणि तेवढंच घेऊन घरी बसलात. पुढचं तुम्हांला माहीत नाही, कारण तुम्ही पुढे आलाच नाहीत. म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

पुढच्या शुक्रवारी दादाने सकाळीच दाढी करून घेतली. दाराकडे तोंड करून बसला. दुपार टळली. मी म्हटलं, फोन लावू का? तर म्हणाला, "नको. तो विचार करत असेल." त्यानंतरच्या शुक्रवारी थोडा वेळ वाट बघितली आणि मला हाक मारली. "माई, चिमटे आण." मला वाटलं भ्रम झाला. पण त्याने निळे चिमटे स्वतःकडे ओढून घेतले आणि लाकडी माझ्या पुढ्यात टाकले.

"अरे, तुझं स्पिटफायर ना?"

"ते तू घे. इनाश्या पाकोळीला जमिनीवर टाकून गेलाय. विमान असं उभं ठेवलं तर बिघडतं. तो येईपर्यंत कोणीतरी उडवायला हवं."

आणि मग इनासभाऊ, जन्मभर जिच्याशी भांडला तिची बाजू त्याने अशी लढवली, की तुम्ही ऐकायला हवं होतंत. पांघरुणाच्या घड्यांवरून चिमटा सरकवायचा आणि धापा टाकत तुमच्याच आवाजात म्हणायचा, "हात हलका ठेव, हात हलका ठेव." मी उतरताना गाठते म्हटलं तर तुमचं पहाऱ्याचं उत्तर त्याने जसंच्या तसं दिलं, आणि वर म्हणाला, "बघ, इनाश्याला हे येत होतं. मुद्दाम नाही बोलला गाढव." हसताना खोकला आला. मी पाठ चोळत राहिले. रागावलेला माणूस असा हसत नाही हो.

शेवटच्या शुक्रवारी त्याने मला अडवलं. "पाकोळीचा वेग तुझ्यापेक्षा जास्त. पाठलाग तुला जमणारच नाही. काय करशील?" मी म्हटलं, मुदत दे. त्याचा चेहरा असा खुलला! "शाब्बास. हरले म्हणाली नाहीस." मग त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. तर तसाच, डोळे न उघडता म्हणाला, "इनाश्या आला की त्याची विमानं त्याला परत दे. म्हणावं, एकही पडू दिलं नाही." मंगळवारी तो गेला.

झालं, मला सांगायचं होतं ते एवढंच. तुमची विमानं माझ्याकडे आहेत, आणि ती मला पोस्टाने पाठवायची नाहीत. दादाच्या प्रश्नावर मी उत्तरही शोधून ठेवलंय. बरोबर आहे की नाही देव जाणे, पण ते ऐकून 'माई, काहीतरीच काय!' म्हणणारं समोर कोणीतरी हवं. मी म्हातारी एकटी आहे म्हणून हो ला हो करायचं असेल, तर मात्र चहासुद्धा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवते. मुलाला गाडीने सोडायला सांगा, जिने हळू चढा, मधल्या मजल्यावर खुर्ची ठेवायला मी शेजारच्यांना सांगते. येत्या शुक्रवारीच या. बुधवारी मी तुमच्यासाठी वाल भिजत घालणार आहे, आणि एकदा मोड आले की ते कोणासाठी थांबत नाहीत.