अंगारा कपाळाला, बेंबी कोरडी

गयामावशींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका दिवसाचा होतो. आई सांगते, त्यांनी पायांवर घेतल्या घेतल्या मी त्यांचं लुगडं भिजवलं. मला अर्थातच त्यातलं काही आठवत नाही. आमच्या ओळखीची सुरुवात अशी एकतर्फी आहे. वडवणीजवळच्या आमच्या गावात पन्नाशीच्या आतल्या निम्म्या माणसांची त्यांच्याशी ओळख अशीच झाली आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं हे मावशींचं आयुष्यभराचं काम.

यंदा मावशींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहावं, असं मंडळींनी सांगितलं. मी गावच्याच शाळेत शिकलेला, थोडी शेती आणि मेंढरं सांभाळणारा माणूस. देवळातल्या भजनाच्या वहीपलीकडे फारसं लिहिलेलं नाही. त्यात आमच्या राधाची मुलगी, म्हणजे माझी नात, आज आठ दिवसांची आहे आणि तिची नाळ अजून पडलेली नाही. चार ओळी लिहितो आणि आतल्या खोलीत डोकावून येतो. लेखात इकडचं तिकडं झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मावशींच्या कामाचं मोठेपण मला त्यांच्या एका चुकीतून सांगायचं आहे, कारण त्या स्वतःच ती कधी लपवत नाहीत. पूर्वी बाळाच्या बेंबीला गोवरीची राख लावायची रीत होती आणि मावशीही ती लावत. राखेनं नाळ लवकर वाळते, असं सगळ्यांनाच वाटे. मग आमच्याच आळीतलं एक बाळ दुसऱ्या आठवड्यात दूध पिईना झालं, ताठ झालं आणि गेलं. का गेलं ते कोणालाच कळलं नाही. पुढं उपकेंद्राच्या नर्सबाईंनी गावोगावच्या सुईणींना आणि न्हाऊ घालणाऱ्या बायांना शाळेच्या खोलीत बसवून शिकवलं, तेव्हा मावशींना कळलं की बेंबीला लावलेल्या राखेतूनच त्या बाळाला धनुर्वात झाला असणार. त्या घरी आल्या आणि दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या आणि ज्या ज्या घरात पोटुशी बाई किंवा तान्हं मूल होतं, त्या प्रत्येक दारात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याही दारात आल्या आणि बेंबीला राख लावू नका म्हणाल्या. आई त्यांना म्हणाली,

"अगं, इतकी वरसं तूच लावली की!"

"लावली. म्हणून तर सांगाया आले. म्या चुकले, आता तुमी चुकू नगा."

स्वतःची चूक घरोघर सांगत फिरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या गेलेल्या बाळाच्या घरीही मावशी गेल्या होत्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मावशींची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे त्या कोणाची श्रद्धा मोडत नाहीत, तिची जागा तेवढी हलवतात. काजळाशिवाय बाळाला दृष्ट लागेल, असं एखादी आजी म्हणाली तर मावशी वाद घालत नाहीत. "तीट लावा की, पर तळपायाला. डोळ्यात न्हाई. दृष्टीला काय, तळपाय दिसत न्हाईत व्हय?" मग आजीही हसते. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, असं आपण मानतो. मावशी पाचवीची सगळी मांडामांड करू देतात आणि म्हणतात, "ती येईल तवा तिला हात धुतलेली माणसं दिसू द्या. समदं चांगलंच लिहील."

हे मी आज मजेत लिहितो आहे, पण त्यांचं न ऐकण्याची चूक माझ्याच हातून झाली होती. राधा जन्मली तेव्हा फार लहानखुरी होती. दोन्ही तळव्यांत मावेल एवढी. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो, धुनीतला अंगारा पुडीत बांधून आणला आणि सगळ्यांची पाठ असताना तिच्या बेंबीला लावला. राख लावू नये, हे मला माहीत होतं. पण राख चुलीची आणि अंगारा देवाचा. मला ती दोन वेगळी वाटली. रोज सकाळी थोडा थोडा लावत गेलो.

पाचवीच्या दिवशी सकाळी मावशी बाळाला पुसायला आल्या. नाळ पडेपर्यंत त्या बाळाला न्हाऊ घालत नाहीत. कोमट पाण्यात मऊ फडकं पिळून नुसतं पुसतात. त्यांनी दुपटं उघडलं आणि हात थांबवला. बेंबीच्या भोवती लाल झालं होतं. मावशींनी खाली वाकून वास घेतला.

"कुणी काय लावलंय?"

आई माझ्या बायकोकडं, सुनीताकडं, बघायला लागली. सुनीता रडवेली झाली. मी म्हणालो, "म्या. अंगारा लावलाय."

आता त्या माझी चामडी लोळवणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "सकाळपासून दूध किती येळा प्याली?"

सुनीता म्हणाली, "ओढतच न्हाई मावशी. नुसती झोपून हाय."

मावशी माझ्याकडं वळल्या. "दत्ता, काळीपिवळी बघ. आत्ताच्या आत्ता बीडला न्यायचं."

"अगं, आज पाचवी हाय. पूजा तरी…" आई म्हणाली.

"सटवाईला म्हणावं, मागनं बीडला ये. पत्ता म्या देते."

मी भाड्याची काळीपिवळी जीप आणली. मावशींनी राधाला सुनीताच्या उघड्या छातीशी धरून वरून पदर आणि घोंगडी लपेटली, ऊब जाऊ नये म्हणून. वाटेत मी देवाचं नाव घेत होतो आणि ते घेण्याचीही लाज वाटत होती. मावशींना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "देवावर रुसू नगं आन् सोतावर बी रुसू नगं. अंगारा कपाळाला असतो, बेंबीला न्हाई. बेंबीला काही म्हणजी काहीच न्हाई. कोरडी ठिवायची. एवढंच हाय ते."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ केली असती तर कठीण होतं. अकरा दिवस राधा तिथं होती आणि मावशी चार दिवस आमच्याबरोबर राहिल्या. बीडमध्ये उतरल्यावर आमच्या लक्षात आलं की त्या घाईत अनवाणीच आल्या आहेत. राधाला पहिल्यांदा भूक लागून रडू आलं, तेव्हा सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्या मोठ्यानं मावशी हसल्या. "रड गं माझे बाय, आणिक रड!"

मावशींची माया आमच्यापुरती नाही. आमच्याकडची पुष्कळ घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि त्यांत पोटुशी बायाही असतात. त्यांची बाळं उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जन्मतात. तिथं मावशी नसतात, म्हणून त्या गाठोडी पाठवतात. जुन्या सुती लुगड्याची फडकी, उकळून कडक उन्हात वाळवून घडी केलेली, सोबत साबणाची वडी. गाठोडं हातात देताना प्रत्येकीकडून त्या पाठ करून घेतात: बाळाला हात लावायच्या आधी साबणानं हात, सहा महिने फक्त आईचं दूध, नाकात-कानात तेल नाही, दूध सोडलं किंवा अंग तापलं की थेट दवाखाना. एकदा ट्रॅक्टर निघायला आला तरी मावशींचं पाठांतर चालूच होतं. मुकादम वैतागला.

"मावशी, कारखाना काय तुमच्यासाठी थांबन व्हय?"

"थांबंल. तू जलमलास तवा तुझ्या मायसाठी म्या थांबलेच की दीड दिस!"

ट्रॅक्टरमधली सगळी माणसं हसली आणि मुकादम मुकाट्यानं खाली उतरून बिडी ओढत बसला. पाठांतर पूर्ण झाल्यावरच ट्रॅक्टर हलला.

आता मावशींचे गुडघे धरतात. पायांवर बाळ घेणं होत नाही. बाळंतपणाला माहेरी आलेली राधा बाळ घेऊन दवाखान्यातून घरी आली तेव्हा त्या काठी टेकत आल्या आणि खाटेवर बसून म्हणाल्या, "म्या काही करणार न्हाई. तू कर, म्या बघते." राधानं हात धुतले. "नखं?" राधानं नखं दाखवली. मग माझ्या मुलीनं स्वतःच्या मुलीला पुसलं आणि मावशी एकटक बघत राहिल्या. हीच राधा कधी दोन तळव्यांत मावत होती.

काल मात्र आमच्या आईचा धीर सुटला. ऐंशीच्या पुढची म्हातारी ती. "उद्या आठवा दिस लागंल, अजून नाळ कशी पडंना? दत्ता, जरासा अंगारा लाव बरं." माझ्याही मनात पुन्हा तीच जुनी भीती उठली, हे कबूल करतो. मी मावशींना फोन केला. त्यांनी लाल आहे का, वास आहे का, दूध पिते का, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पडंल की. लेकराला घाई न्हाई, तुमालाच हाय."

इथपर्यंत लिहिलं आणि आतून राधानं हाक मारली, "दादा, लवकर या!" मी पेन टाकून धावलो. नाळ पडली होती! दुपट्यावर वाळक्या देठासारखी अलगद पडलेली. बेंबी कोरडी, स्वच्छ, कुठं लाली नाही. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि देवळातली पुडी सोडली. मी क्षणभर घाबरलो. तिनं चिमूटभर अंगारा बोटावर घेतला, पणतीच्या कपाळाला टेकवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघतोस काय? हात धुतलेत म्या."

मावशी, हे सगळं तुम्हाला सांगायला मी आत्ताच निघालो आहे. लेख मागून येईल. उद्या नात पहिल्यांदा न्हाणार आहे. तिला राधा पायांवर घेईल आणि तुम्ही शेजारच्या खाटेवर बसून चुका काढायच्या आहेत. देवानं तुमच्या गुडघ्यांना बळ द्यावं, डोळे असेच लख्ख ठेवावेत आणि ही पोर स्वतःच्या बाळाला पायांवर घेईल, त्या दिवशीही "नखं दाखव" म्हणायला तुम्ही त्या खाटेवर असाव्यात, एवढंच मी आज देवळात मागणार आहे.