उलटं आखलेलं सॉकेट

गल्लीत त्यांना सगळे रेडिओमास्तर म्हणत. चाळीस वर्षं रेडिओ नि टीव्ही दुरुस्त केले, दुकान बंद केलं आणि मग हे खूळ डोक्यात घेतलं. तरुणपणी दुकानाच्या काचेतून नुसताच पाहिलेला कॉम्प्युटर आता स्वतःच्या हातांनी बनवायचा! तसले कॉम्प्युटर आता कोणी बनवत नाही, म्हणून त्याचा सर्किट बोर्डही स्वतःच आखायचा आणि कारखान्यातून करून घ्यायचा.

"गुडघे धड नाहीत आणि निघालेत कॉम्प्युटर बनवायला," बायको म्हणाली. पण माणूस एका जागी बसला, याचं तिला बरंच वाटलं.

खरं कारण मास्तरांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती. त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी सख्ख्या बायकोला "बाई, तुम्ही कोण?" असं विचारायचा. हल्ली मास्तरांचंही चष्मा कुठे, किल्ली कुठे, असं व्हायला लागलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःशीच पैज लावली होती. चाळीस पायांच्या चिपचा एकेक पाय बरोबर जागी जोडून बोर्ड चालू झाला, तर डोकं शाबूत. नाही झाला तर काय, इथवर ते विचार जाऊच देत नसत.

कारखान्यातून पाकिटात पाच बोर्ड आले. मास्तरांनी चिप बसवायचं सॉकेट लावलं, त्याला सोल्डरचे डाग दिले, त्यात चिप दाबली आणि बटण चालू केलं. पडद्यावर काहीच आलं नाही. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. वास सुटला तेव्हा कुठे त्यांना दिसलं. सॉकेट आरशात पाहावं तसं उलटं आखलं होतं, डावीकडचे सगळे पाय उजवीकडे. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

दुपारी लेक आली. मास्तरांनी मनातलं सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिने बोर्ड पाहिला, मग आईकडे पाहिलं आणि हसली.

"अहो बाबा, तुम्ही पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर शाईने रेषा काढायचात. तेव्हा बोर्ड पालथा धरून मागूनच आखायचात ना? ती जुनी सवय आहे हाताची. विसरलात कुठे? उलट फारच पक्कं लक्षात आहे!"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खरंच की! त्या दिवशी ते पोटभर जेवले, बायकोच्या घोरण्याची नक्कलही करून दाखवली. मग वाया गेलेले बोर्ड ठेवायला त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला.

खणात तसंच एक पाकीट होतं. आत तसेच पाच बोर्ड होते. एकावर जळकी चिप होती आणि तिच्या खाली घडी घातलेला कागद. अक्षर त्यांचंच होतं, तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

"सॉकेट उलटं आखलं गेलं. लेक म्हणाली, हाताची जुनी सवय आहे. म्हणजे मी विसरत नाही."

बाहेरच्या खोलीत लेक आणि बायको हळू आवाजात बोलत होत्या. खण ओढल्याचा आवाज झाला तशा दोघी गप्प झाल्या.